छाटणीच्या फांद्या फेकू नका!

ऑक्टोबर उजाडला की महाराष्ट्रभर गुलाबांची छाटणी सुरू होते आणि काटेरी फांद्या थेट कचऱ्याच्या ढिगावर जातात. यंदा एका झाडापुरतं तरी तसं करू नका, ही कळकळीची विनंती. कोणतं झाड? जे कोणी लावलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही, ते.

पुण्याच्या कॅम्पातले बंगले, पेठांतल्या वाड्यांची परसं, पाचगणी-महाबळेश्वरची जुनी आवारं एकेक करून पुनर्विकासाला चालली आहेत. जेसीबी आत शिरला की सगळ्यात आधी बळी जातो तो बागेचा. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा गुलाब असेल, तर तो नेमका कोणता होता हे विचारायलाही मग झाड उरत नाही.

१८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ आला. हायब्रिड टी वर्गातला हा पहिला गुलाब, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या आधीपासून चालत आलेल्या वर्गांतले, म्हणजे दमास्क, चायना, टी, बोर्बन, नॉयझेट हे वारसा गुलाब. नर्सरीत आज ते क्वचितच दिसतात. १८६४ चा ‘मारेशाल नील’ हा मान खाली घालून फुलणारा पिवळा गुलाब ब्रिटिश काळात इथल्या बागांची शान होता. तो कुठल्या कुंपणावर अजून तग धरून असेल, तर आम्हा जुने गुलाब शोधणाऱ्यांना हवाच आहे.

पण जुनं झाड दिसलं की नाव ठोकून द्यायची आपल्याला फार घाई! अमेरिकेत टेक्सासमध्ये रस्त्याकडेला सापडलेला एक गुलाबी गुलाब ‘केटी रोड पिंक’ या नावाने जुना म्हणून जपला गेला. तो निघाला १९७७ चा ‘केअरफ्री ब्यूटी’. तिथल्या लोकांनी सापडलेल्या जागेचं तात्पुरतं नाव दिलं होतं, म्हणून गोंधळ सहज निस्तरला. बर्म्युडातही ओळख न पटलेल्या गुलाबांना गावाची, बागमालकाची नावं देतात. आपणही ‘सदाशिव पेठ गुलाबी’ म्हणावं. अंदाजाने फ्रेंच नाव चिकटवलं, तर ते पुसता पुसत नाही.

दुसरी फसगत खुंटाची. बाजारातला गुलाब बहुधा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. वरची जात मरते, खालचा खुंट फोफावतो आणि दहा वर्षांनी ‘आजीचा गुलाब’ म्हणून मिरवतो. पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येत असतील, तर पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली चिंचोळी उपपर्णं पाहा. ती झालरीसारखी कातरलेली असतील, तर तो बहुधा मल्टिफ्लोरा, म्हणजे खुंटच. तरी सरसकट उपटत सुटू नका! आपल्या देशात खुंट म्हणून वापरला जाणारा सुवासिक ‘एडवर्ड’ हा स्वतःच बोर्बन वर्गातला वारसा गुलाब आहे. ‘देशी’ म्हणून त्याची आणि दमास्कची सर्रास गल्लत होते. दमास्क, म्हणजे उत्तरेतला चैती गुलाब, वर्षातून एकदाच बहरतो. एडवर्ड पुन्हा पुन्हा फुलतो. तेव्हा वर्षभर नजर ठेवल्याशिवाय निवाडा नको.

फोटो काढाल तर नुसत्या उमललेल्या फुलाचा काढू नका. तो सगळ्यात कमी कामाचा. कळीची हिरवी निदलं, काटे, पानाची मागची बाजू, फुलाचा देठ आणि फळ धरलं असेल तर तेही टिपा. तेच फूल तीन दिवसांनी पुन्हा पाहा. बहुतेक गुलाब सुकताना फिकटतात, पण ‘ओल्ड ब्लश’सारखे चायना गुलाब उन्हात आणखी गडद होतात.

आता फांद्यांचं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या करा. वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचा आणि माती ओलसर ठेवा. जुने चायना नि बोर्बन स्वतःच्या मुळांवर छान जगतात. काडीजवळ खोचलेल्या पट्टीवर जागा, तारीख आणि झाड दाखवणाऱ्याचं नाव शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते. रुजलेली रोपं एकाच बागेत ठेवू नका, तीन घरांत वाटा.

आणि सोसायटीच्या सचिवांना, बिल्डरांना एवढंच सांगणं: नारळ फोडण्याआधी आठ दिवस फाटक उघडं ठेवा. आम्ही कैची घेऊन येऊ, काड्या नेऊ, कामात अडथळा आणणार नाही.