आधी सेटल, मग समाज?

“आधी सेटल होऊ, मग समाजाचं बघू,” असं माझे इंजिनिअर मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. सात जणी, लिफ्टमध्ये मावतील एवढ्या! सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला २०१७ साली, ५१ वर्षांनी. त्याही थांबल्या असत्या तर?

जगण्याचं प्रयोजन पॅकेजमध्ये नाही, आणि नुसत्या आखिरतच्या काळजीतही नाही. पैशाची जकात अडीच टक्के, मग वेळेची का नको? आठवड्याच्या १६८ तासांतले चार तास बारा मिनिटं. तेवढ्यात मोहल्ल्यातल्या मुलीला गणित शिकवा, तलाकपीडितेचा अर्ज लिहून द्या. सेटल होण्याची वाट पाहू नका.