शेगडीची काच आणि ग्राहकाचा हक्क

काचेच्या गॅसशेगडीला तडा गेला की घरोघरी आधी चिकटद्रव्याची नळी शोधली जाते. हा उपाय व्यर्थच नव्हे, धोक्याचाही आहे. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. हा समतोल ढळताच तिचा चुरा होतो. ती सांधता येत नाही. काच अखंडच बदलावी लागते. शिवाय छिद्रे आधी पाडून मगच ती तापवून कडक करतात. नंतर कापता येत नाही. त्यामुळे पेठेतला काचवाला हतबल ठरतो आणि प्रत्येक उत्पादकाची छिद्रांची मापे निराळी असल्याने सुट्या काचेवर त्याचीच मक्तेदारी राहते. बर्नर, चाव्या शाबूत असूनही शेगडी भंगारात जाते. पत्र्याची शेगडी चेपली तर कारागीर ती ठोकून सरळ करतो, हे येथे आठवावे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. सक्ती मात्र केली नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये धुलाईयंत्रे, शीतकपाटे इत्यादींची दुरुस्ती उत्पादकांवर बंधनकारक करणारा निर्देश संमत केला. (स्वयंपाकाची शेगडी त्या यादीतही नाही!) सुट्या काचेचा पुरवठा आणि तिची जाहीर किंमत, एवढी सक्ती शासनाला अशक्य नाही. तोवर काच मागायला गेलेल्या गृहिणीला दुकानदार नवी शेगडीच दाखवणार.