सडकं लाकूड आणि आळशी माणसं

सडक्या लाकडाचं काय करायचं याबद्दल दोनच मतं ऐकायला मिळतात. एक, चुलीत घाला. दोन (ही नवी फ्याशन), भोकांमध्ये निळी-हिरवी इपॉक्सी ओता, चकचकीत करा आणि 'नॅचरल' म्हणून विका. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच आळस आहे: लाकडाकडे नीट बघायचा.

३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आंबा-फणसाची, सुपारीची झाडं वाडीच्या वाडीत आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' आलं. आजोबांनी लावलेली झाडं नातवंडांनी जळणाच्या भावात दिल्याचं मी पाहिलंय. जी उचलली गेली नाहीत ती पावसात पडून राहिली आणि मग 'सडली, आता काय उपयोग' हा शिक्का! दोन पावसाळे खाल्लेल्या अशाच एका रायवळ आंब्याच्या ओंडक्यातून मी लेथवर वाडगे कातलेत, म्हणून हे बोलायचं धाडस करतोय.

सडणं म्हणजे बुरशी. ती लाकूड खाते, पण एका रात्रीत नाही. आंब्याच्या फिक्या लाकडात दोन बुरश्यांच्या वसाहती एकमेकींना भिडल्या की मध्ये काळं कुंपण घातलं जातं. शाईने काढल्यासारख्या त्या नागमोडी रेघा म्हणजे हेच कुंपण. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली गेला की हे खाणं थांबतं. म्हणजे सडणं हे शून्य किंवा एक असं नसतंच मुळी! ते मध्येच थांबवता येतं. (जुना कोड दिसला की 'सगळं नव्याने लिहू' म्हणणारे आमच्या धंद्यातही पैशाला पासरी आहेत. असो.)

कुठे थांबलंय ते बघायला यंत्र लागत नाही. नख दाबा. ठोकून आवाज ऐका: खणखणीत की भद्द? आरी टोचून बघा. चिमटीत भुगा होत असेल तर खुशाल जाळा, वाद नाही. लेथवर असला तुकडा सुटून तोंडावर आला तर सौंदर्यदृष्टी कामाला येत नाही. नुसतं नख रुतत असेल तर मात्र थांबा. आधी जाड कातायचं, म्हणजे १० इंची वाडग्याला इंचभर जाडी. मग कागदी पिशवीत ठेवून वाळवायचं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि ते उतरायचं थांबलं की दुसरा हात. मऊ जागी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा पाजायचा, वाळू द्यायचा आणि ताजी धार लावून हलक्या हाताने कातायचं. चेहऱ्यावर शील्ड आणि नाकाला चांगला मास्क हवाच. बुरशीची धूळ वाईट, आणि आंब्याचा चीक कोणाकोणाला कसा उठतो हे कोकणात कोणी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग इपॉक्सीने काय घोडं मारलंय? लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. इपॉक्सी तशी हलत नाही, त्यामुळे सांध्यात फट पडू शकते. साधी इपॉक्सी गरम आमटीने मऊ पडते ते वेगळंच. चपड्यालाही उष्णता चालत नाही, हे कबूल. म्हणून असल्या वाडग्यात लसूण, सुपाऱ्या, अक्रोड ठेवावेत. आमटीला स्टीलची वाटी आहे की!

'हे हौशी लोकांचे चोचले' हा आक्षेप तर मला अजिबात पटत नाही. लाकूड कातणाऱ्याला आपल्या भाषेत 'कातारी' असा अस्सल शब्द आहे. सावंतवाडीची चितार आळी आजही लाकडी फळं आणि खेळण्यांसाठी ओळखली जाते. कसब परकं नाही. पण जळणाच्या काट्यावर खणखणीत, नख रुतणारं आणि भुगा झालेलं, सगळं एकाच भावाने जातं. नुकसान होतं ते वाडीवाल्याचं, आणि तेही वादळाने एकदा झोडपल्यावर.

तेव्हा पुढच्या वादळानंतर निदान एवढं करा. ओंडका जमिनीवरून उचलून दोन दगडांवर ठेवा, कापलेल्या तोंडांना मेण नाहीतर जुना रंग फासा, वर पत्रा टाका. आणि जळणवाल्याला फोन करायच्या आधी एकदा नख लावून बघा.