पुरातले वैयावच्च



१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्याचा आपल्याला अभिमान आहे. आपत्तीत म्हाताऱ्या माणसांचाही तितकाच विचार व्हायला हवा.

ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचे पाणी आपल्या सराफ बाजारात शिरले होते. पूर पुन्हा येणारच. तेव्हा रात्री आठला पुरी आणि बटाट्याची भाजी वाटली, तर चौविहार करणाऱ्या आजी हात लावणार नाहीत. दुसरे काही मागणारही नाहीत. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्या, तर साखर उतरण्याची भीती. त्यात चष्मा, कवळी, काठी घरातच राहिलेली. सगळ्यांना सारखे पाकीट दिले म्हणजे सगळ्यांची सोय झाली, असे होत नाही.

वैयावच्च हे अभ्यंतर तप. ते साधू-साध्वींपुरतेच का ठेवायचे? पावसाळ्याआधी प्रत्येक महिला मंडळाने गल्लीतल्या ज्येष्ठांची यादी करावी: औषधे, पच्चक्खाण, मुलांचे फोन नंबर. त्यात जैन-अजैन भेद नको. प्रत्येक नावापुढे आपल्यातल्या एकीचे नाव असावे. सूर्यास्ताआधी उकळलेले पाणी आणि मऊ खिचडी पोहोचवण्याची जबाबदारी तिची.