भेट हातची



दिवाळीत शेजारच्या घरातून फराळाचे ताट आले, तर ते ताट परत कसे जाते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? माझ्या अम्मीचा एक नियम होता. ताट रिकामे परत द्यायचे नाही. घरात काही गोड असले तर ते, नाहीतर मूठभर साखर तरी त्यात ठेवायची. शेजारच्या काकूंचाही नियम तोच. ईदच्या दिवशी आमच्याकडून शिरखुर्म्याचे भांडे त्यांच्याकडे जाई आणि परत येताना त्यात चार लिंबे, कधी बोरे, कधी गुळाचा खडा असे. करंज्या किती रुपयांच्या आणि साखर किती रुपयांची, असे कोणी कधी विचारले नाही.

आता ईदच्या आधीच्या आठवड्यातले आपले मूर्तिजापूर पाहा. शेवया, खारीक, टोप्या, अत्तर, बांगड्या यांची दुकाने पूर्वीही लागत. त्यांच्या जोडीला आता भेटवस्तू आल्या आहेत. फोटो छापलेला कप, चमकदार कागदात गुंडाळलेले घड्याळ, पेनांचा संच. तुमच्यापैकी पुष्कळजण ईदी हातात पडण्याच्या आधीच ती कशावर खर्च करायची, हे ठरवून टाकतात. मैत्रिणीने मागच्या वर्षी दोनशे रुपयांची वस्तू दिली, म्हणून यंदा आपणही दोनशेची तरी दिलीच पाहिजे, असा हिशेब मी वर्गात माझ्या कानांनी ऐकला आहे. हा हिशेब मला आवडत नाही. भेट म्हणजे उधारी नव्हे.

तुमच्या वयाच्या मुलांनी सणाला एकमेकांना जी भेट द्यायची, ती हाताने केलेली असावी आणि तासाभरात होणारी असावी, असे माझे मत आहे. हे मत मला पुस्तकात सापडले नाही. माझ्याच एका चुकीतून ते तयार झाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदच्या सुट्टीआधी मी आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल, त्याने त्याच्यासाठी भेट आणायची. कल्पना मला फार छान वाटली. भेट किती किमतीची असावी, हे मात्र मी सांगितले नाही. ठरलेल्या दिवशी मुले वर्गात आली, तेव्हा प्रत्येकाच्या हातात दुकानाची पिशवी होती. एक मुलगा आला नाही. त्याने ज्याला भेट द्यायची होती, तो दुसरा मुलगा रिकाम्या हातांनी बाकावर बसून इतरांची पाकिटे उघडताना पाहत होता. मी पर्समधले पेन काढून त्याला दिले. त्याने ते घेतले, पण त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

सुट्टीनंतर मी त्या न आलेल्या मुलाला विचारले. तो म्हणाला, “आपा, पोट दुखत होते.” खरी गोष्ट मला त्याच्या बहिणीकडून कळली. त्यांचे वडील बाजारात कापसाची ओझी उचलतात. मुलाने जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा कापून, सुईदोऱ्याने शिवून, पेन्सिली ठेवायची एक पिशवी तयार केली होती. तिला शर्टाचे बटणही लावले होते. ती घेऊन तो शाळेच्या फाटकापर्यंत आला. इतरांच्या हातांतली चमकदार पाकिटे त्याने पाहिली आणि तो तसाच परत गेला.

चूक त्या मुलाची नव्हती, आणि पाकिटे आणणाऱ्यांचीही नव्हती. चूक माझी होती. वर्गात सगळ्यांची ऐपत सारखी नसते, एवढी साधी गोष्ट बी.एड. झालेल्या शिक्षिकेला कळायला हवी होती.

ती पिशवी पुढे ज्याची होती त्याला मिळाली. त्याला ती आवडली की नाही, हे मी विचारले नाही. पण दहावी होईपर्यंत ती त्याच्या दप्तरात दिसत होती.

आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते, की शेजारणीने दिलेली भेट कमी लेखू नये, मग ती बकरीचा खूर का असेना. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही शिकवण हदीसमध्ये आलेली आहे. ती आपल्याला तोंडपाठ असते. पण ती देणाऱ्यालाही लागू आहे, हे आपण विसरतो. माझ्याजवळ फक्त खूरच आहे, म्हणून मी काही देणारच नाही, असे म्हणून मागे फिरायचे नसते.

आता एका मोठ्या माणसाने दिलेल्या भेटीची गोष्ट सांगते. १९४७ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न होते. जगभरातून हिरे, दागिने, गालिचे येत होते. गांधीजींनी तर आपली सगळी मालमत्ता केव्हाच सोडून दिलेली. मग ते काय देणार? तेव्हा लॉर्ड माउंटबॅटन यांनी त्यांना सुचवले, की तुमच्याजवळ चरखा आहे. गांधीजींनी स्वतः सूत कातले. त्या सुताचे एक जाळीदार वस्त्र विणून घेतले आणि त्यावर ‘जय हिंद’ ही अक्षरे विणलेली होती. ही भेट लंडनला पोचली. पण नवरीच्या आजी, राणी मेरी, यांना तो गांधीजींचा पंचाच वाटला आणि त्या नाराज झाल्या, असे सांगतात. म्हणजे हातची भेट प्रत्येकाला कळतेच असे नाही. आमच्या त्या मुलाला फाटकाशी जी भीती वाटली, ती अगदीच खोटी नव्हती. म्हणूनच मी म्हणते, की वर्गात एकाने नव्हे, सगळ्यांनीच हातची भेट द्यावी. मग कोणाला लाजायचे कारण उरत नाही.

पुढच्या वर्षी मी तसेच केले. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या, पण विकत काहीही आणायचे नाही, असे सांगितले. घरातले टाकाऊ सामान आणायचे आणि दोन तासिकांत वर्गातच वस्तू पूर्ण करायची. पहिली दहा मिनिटे सगळे एकमेकांची तोंडे पाहत होते. नंतर मात्र कात्रीसाठी भांडणे सुरू झाली!

सर्वांत सोपे काम ईदकार्डाचे. तुमच्या घरी लग्नपत्रिका पडलेल्या असतील. त्यांचा कागद जाड असतो आणि पाठीमागची बाजू बहुधा कोरी असते. ती कोरी बाजू वर येईल अशी घडी घाला. मैद्याची खळ शिजवून जुन्या वहीच्या रंगीत पुठ्ठ्याची कात्रणे चिकटवा. आता महत्त्वाचे काम लिहिण्याचे. तुम्ही उर्दू माध्यमाची मुले आहात. तुमच्यापैकी काहींचे नस्तालीक अक्षर इतके सुंदर आहे, की छापखान्याने लाजावे. मग ‘ईद मुबारक’ छापलेले कशाला विकत घ्यायचे? बरूची लेखणी तासा आणि लिहा.

नाताळच्या छापील शुभेच्छापत्राची सुरुवातही, विचार केला तर, घाईतूनच झाली. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात सगळ्यांना पत्रे लिहायला वेळ मिळेना. त्यांनी एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापून घेतल्या. ज्याला हजार पत्रे पाठवायची आहेत, त्याने छापून घ्यावीत. तुम्हाला पाचसहाच लिहायची आहेत.

त्यातले एक कार्ड मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांसाठी करा आणि त्यावर देवनागरीत लिहा. दिवाळीला तर नक्कीच. एरवी तुमचे मराठी फक्त मी वाचते, आणि तेही लाल पेन हातात घेऊन. शेजारच्या आजी तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापणार नाहीत.

मुलींना, आणि शिवण येत असेल तर मुलांनाही, जुझदान शिवायला मी नेहमी सांगते. कुरआन शरीफ ठेवण्याची ही कापडी पिशवी नानीला किंवा दादीला देण्यासाठी याहून चांगली वस्तू मला सुचत नाही. जुनी, पण न विरलेली ओढणी घ्या. मापासाठी त्याच आकाराचे एखादे पुस्तक कापडावर ठेवा. सगळीकडून दोन बोटे कापड जास्त धरून कापा. कापड उलटे करून तीन बाजूंनी धावदोरा घाला आणि मग सुलटे करा. वरच्या बाजूला झाकणासारखी पट्टी ठेवून एक नाडी लावा. सावकाश शिवले तरी तासाभरात होते.

जुन्या कापडाला नवे रूप देणे आपल्या भागाला नवीन नाही. तुम्ही घरी जिला गुदडी म्हणता, तीच मराठीत गोधडी. मी लहान असताना माझी खाला दारव्ह्याहून शकुंतलेने आली होती. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ती छोट्या रुळांवरची गाडी. आता ती बंद आहे, पण तुमच्या घरातल्या मोठ्यांना तिच्याविषयी विचारा, ते संध्याकाळभर बोलत बसतील. खालाच्या काखेत एक गाठोडे होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानिमित्त तिने गोधडी शिवून आणली होती. तिच्यात नानीच्या साडीचा एक पट्टा होता, अम्मीच्या लग्नातल्या ओढणीचा एक होता, आणि माझ्या फाटलेल्या फ्रॉकचाही एक चौकोन होता. तो पाहून मी हट्ट धरला, की गोधडी माझीच आहे. शेवटी आम्ही दोघी बहिणी कितीतरी वर्षे त्याच एका गोधडीत झोपलो. अशा गोधडीला महिना लागतो. तुमच्याजवळ तेवढा वेळ नाही, हे मला माहीत आहे. पण त्या चौकोनासारखा एखादा तुकडा जुझदानावरही लावता येतो.

याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, मामाच्या घरी, गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले. अंगात चिंध्यांचा सदरा आणि हातात मडक्याचे खापर, हाच त्यांचा पोशाख आणि हीच त्यांची मालमत्ता. चिंधीला तुच्छ मानायचे कारण आपल्या गावात तरी कोणाला नसावे.

चाँदरातीला मैत्रिणींना द्यायला मेंदीचे कोनही घरी होतात. मेंदीच्या पानांची पूड पातळ ओढणीतून चाळून घ्या. चहाच्या कोमट पाण्यात भिजवा, लिंबाचा रस आणि थोडी साखर घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. पुष्पगुच्छाभोवतीचा पारदर्शक कागद त्रिकोणी कापून त्याचे कोन वळा. ही मेंदी फार दिवस टिकत नाही, म्हणून चाँदरातीच्या एकदोन दिवस आधीच करा. तिचा रंग आधी नारिंगी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. तासाभरात काळाभोर रंग देणारी बाजारातली ‘काळी मेंदी’ मात्र कोणाला देऊ नका. तिच्यात केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने हातावर फोड येतात.

एक तक्रार मात्र नोंदवते. काहीजण ‘हाताने करायचे’ म्हणून दुकानातून चमकी, मणी, रंगीत फिती आणि थर्माकोल असे तीनशे रुपयांचे सामान आणतात. मग त्यापेक्षा कपच काय वाईट होता? शिवाय थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपा दुकानदारांच्या पोटावर पाय देतात. नाही. आपल्याच शाळेतल्या काहींचे अब्बा बांगड्या विकतात, काहींचे अत्तराचे हातगाडे आहेत. ईदच्या त्या आठ दिवसांच्या विक्रीवर त्यांच्या घराचे पुढचे कितीतरी दिवस चालतात. अम्मीसाठी बांगड्या जरूर घ्या आणि घासाघीस जरा कमी करा. माझे म्हणणे मित्रामित्रांतल्या भेटींपुरते आहे. तिथे पैशाची मोजपट्टी आली, की पहिल्यांदा मागे फिरतो तो फाटकाशी उभा असलेला मुलगा.

“मला चित्रकला येत नाही,” असे सांगणारा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. मागच्या वर्षी अशाच एकाने कार्डावर चित्र काढलेच नाही. आपल्या मित्राने वर्षभरात त्याला काय काय मदत केली, त्याची यादीच त्याने लिहिली. गणिताची वही दिली, तापात दप्तर घरी पोचवले, एकदा खोटे बोलून वाचवले. शेवटच्या वाक्यावर मी त्याला थोडे रागावले. पण वर्गात सर्वांत जास्त वेळा वाचले गेलेले कार्ड तेच होते.

काकू आता थकल्या आहेत. फराळ त्यांची सून करते, पण ताट अजून येते. या दिवाळीचे ताट घासूनपुसून आमच्या ओट्यावर ठेवले आहे. या वेळी त्यात काय ठेवायचे, ते माझ्या मुलीने ठरवले आहे. कालपासून ती जुन्या लग्नपत्रिका आणि कात्री घेऊन दार लावून बसते आणि मला आत येऊ देत नाही.