दिवाणखान्यातली पायली

जुन्या वस्तूंनी घर सजवण्याची हौस अलीकडे आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. काळी नदीच्या काठी पाहुण्यांसाठी उभ्या राहिलेल्या निवासांच्या अंगणात नांगर आणि बैलगाडीची चाके दिसतात. आपल्या व्यवसायबंधूंच्या दिवाणखान्यांतही समया, अडकित्ते, पानाचे डबे दिमाखाने विराजमान झालेले असतात. ही हौस स्तुत्य आहे. मात्र वस्तू कुठे शोभेल, एवढाच विचार आपण करतो. ती कोणाची होती, कशासाठी होती आणि आपल्या मांडणीने तिला काही इजा तर होणार नाही ना, हे प्रश्न आधी पडायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मला माझ्याच चुकीतून मिळाले.

गणेशगुडीजवळच्या सुपा धरणामुळे जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि अनेक कुटुंबांनी रामनगरला नव्याने संसार मांडले. स्थलांतराच्या त्या धांदलीत जड वस्तू मागे राहिल्या किंवा कोणाकोणाला देऊन टाकल्या गेल्या. अशीच एक लोखंडी पट्ट्यांची लाकडी पायली माझ्याकडे आली. बरीच वर्षे ती माळ्यावर पडून होती. घराची दुरुस्ती काढली तेव्हा मी तिच्या तळाला भोक पाडून आत विजेचा दिवा सोडला आणि ती उपडी टांगली. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि मीही ते आनंदाने स्वीकारीत असे.

एके दिवशी औषधासाठी आलेल्या एका वृद्ध बाईंना पावसामुळे घरात बसवले. त्यांचे लक्ष वर गेले. “डॉक्टर, पायली अशी उपडी टांगू नये,” त्या म्हणाल्या. मी ती काढून त्यांच्या हाती दिली. पट्टीवरची जुनी खूण त्यांनी चाचपली, मग तळाच्या भोकातून बोट घातले आणि हळूच म्हणाल्या, “आता ह्यातून भात गळेल.” आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

‘अपाय करू नये’ हे तत्त्व आपण रुग्णाच्या बाबतीत पाळतो. घरातल्या जुन्या वस्तूलाही ते लागू आहे. जे परत पूर्ववत करता येणार नाही, ते तिच्यावर करू नये. भोक पाडणे, रंग फासणे, कापून टेबल करणे ही कल्पकता नव्हे. खरी कल्पकता वस्तूचा अर्थ उलगडणाऱ्या मांडणीत असते. कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे एका फळीवर चढत्या क्रमाने ठेवून पाहा. शेजारी वाटीभर तांदूळ ठेवा. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे गणित नातवंडे खेळता खेळता शिकतील.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडून आपल्याला पुष्कळ शिकता येते. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू केला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंना त्यांनी मानाचे स्थान दिले. संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे; मांडलेल्या वस्तू मात्र त्यातला लहानसा भागच आहेत. घरातही सारे एकदम मांडण्याचा हव्यास नको. चार वस्तू बाहेर आणि बाकीच्या पेटीत ठेवून सणासुदीला अदलाबदल करावी.

आपल्या दवाखान्यातही ठेवा दडलेला आहे. उकळून वापरायच्या काचेच्या पिचकाऱ्या आणि त्यांची स्टीलची डबी, औषध तोलण्याचा काटा, खल-बत्ता, मात्रांच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली मिश्रणाची बाटली या वस्तू एका काचेच्या कपाटात मांडल्या, तर आपल्या व्यवसायाचा अर्धशतकाचा इतिहास समोर उभा राहील. पाऱ्याचे रक्तदाबमापक मात्र मुलांच्या हाताशी ठेवू नये. भिंतीवर पूर्वजांनी टांगलेली सांबराची शिंगे असतील, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण ठेवावी.

आमच्याकडचा पाऊस हा जुन्या वस्तूंचा मोठा शत्रू. छायाचित्र काचेला थेट चिकटू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी. तसबीर बाहेरच्या भिंतीवर लावणे टाळावे. लावलीच तर मागे बुचाचे तुकडे ठेवून हवेला वाट द्यावी. कागद आणि कापड उन्हापासून दूर ठेवावे. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या ताज्या पुड्या कपाटात ठेवाव्यात. पितळ चिंचेने वरचेवर घासल्यास कोरीव काम झिजते, म्हणून कोरड्या मऊ फडक्याने पुसणे बरे.

आणि प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी हवी: ती कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या कामाची, आपल्याकडे कशी आली. सांगणारे आहेत तोवरच ही नोंद होऊ शकते.

त्या बाईंना मी पायली परत देऊ केली. “मुलाच्या दोन खोल्यांत कुठे ठेवू? तुमच्याकडेच राहू दे, पण सुलटी,” असे त्या म्हणाल्या. सुताराकडून मी भोकात लाकडी खुंटी ठोकून घेतली. खुंटीचा वेगळा रंग दिसतो. तो मी झाकलेला नाही. पायली आता फळीवर सुलटी आहे आणि तिच्यात भात आहे. जवळच्या चिठ्ठीवर बुडालेल्या गावाचे नाव आहे आणि त्याखाली माझ्या चुकीची नोंदही आहे.