सूत्राइतकीच भट्टीही महत्त्वाची

देवास जिल्ह्यातल्या नेमावरहून इंदूरमार्गे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला गेले, की बॅटरी संशोधनाच्या साखळीतली दोन टोके वाटेत लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन आहे. त्याच्या क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना बारकाईने तपासता येते. पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगचाचणी धावपट्टी २०२१ साली खुली झाली. पदार्थ पारखायची सोय आहे, गाडी पळवून पाहायचीही आहे. मधला टप्पा आहे पदार्थ घडवण्याचा, आणि घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटरीत सारे यश त्याच टप्प्यावर ठरते.

आजच्या लिथियम-आयन बॅटरीतले द्रव इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असते. त्याच्या जागी घन पदार्थ आणायचा, तर त्यातून लिथियमचे आयन झपाट्याने सरकले पाहिजेत. ते सरकतात की अडतात, हे केवळ रासायनिक सूत्रावर ठरत नाही.

याचा उत्तम दाखला भारतीय नावांशीच जोडलेला आहे. २००७ साली रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुरै आणि वेर्नर वेप्नर यांनी लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचे गार्नेट जातीचे इलेक्ट्रोलाइट जाहीर केले. त्याची घनाकृती रचना आयनांना मोकळी वाट देते. त्याच संयुगाची चतुष्कोनी रचना झाली, तर वाहकता सुमारे शंभरपटींनी घसरते. घनाकृती रचना टिकते कशामुळे, याचा उलगडा पुढे झाला: भट्टीत ॲल्युमिनाच्या मुशीतून थोडे ॲल्युमिनियम पदार्थात झिरपते आणि रचनेला स्थैर्य देते. ज्या भांड्यात पदार्थ भाजला, त्या भांड्यानेच त्याचा गुण बदलला!

भाजणीही नाजूक असते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला लिथियम उडून जाते. म्हणून मिश्रणात ते आधीच जास्त, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास घालतात आणि दाबून केलेली चकती त्याच भुकटीत पुरून भाजतात. लिथियम कमी पडले, तर लँथॅनम झिर्कोनेट तयार होते आणि आयनांची वाट अडते. भाजणी अपुरी राहिली, तर कणांमध्ये पोकळ्या उरतात. नर्मदाकाठच्या पावसाळ्यासारखी दमट हवा लागली, तर पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो आणि रोध वाढतो.

सल्फाइड इलेक्ट्रोलाइट मऊ असतात. ते नुसत्या दाबानेही घट्ट बसतात. जपानमध्ये २०११ साली जाहीर झालेल्या अशा एका पदार्थाची वाहकता द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची निघाली. पण ओलावा लागताच सल्फाइडमधून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. म्हणजे तिथेही कोरड्या खोलीवाचून गत्यंतर नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली प्रगत बॅटरी सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. कारखान्यांसाठी हे योग्यच झाले. आता इंदूर-पीथमपूर पट्ट्यात नियंत्रित भट्ट्या, तप्त दाबयंत्रे आणि कोरड्या खोल्या असलेली सामायिक कार्यशाळा उभारावी. विद्यापीठे आणि छोट्या उद्योगांना ती परवडणाऱ्या दरात खुली असावी. आणि शोधनिबंधात सूत्रासोबत मूस, तापमान, वेळ, हवेतला ओलावा आणि फसलेल्या भाजण्या यांचीही नोंद देणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे.